तांब्याची उत्तरपूजा

नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत प्रभाकर पोतनीसांचं घर शोधायचं असेल तर नाव सांगून उपयोग नाही. "वांगीवाले आर्टिस्ट" म्हणा, म्हणजे भाजीवालासुद्धा गाडी सोडून दारापर्यंत पोचवायला येईल. भाजीवाल्याची त्यांच्यावर खास मर्जी. पाव किलो वांगी निवडायला पाऊण तास लावणारं आणि घेतल्यावर "देठावरची धूळ राहू दे भिया, पुसू नको" असं बजावणारं गिऱ्हाईक सबंध उज्जैनमध्ये त्याला हे एकच.

घराणं जुनं. पूर्वजांपैकी कुणी शिंद्यांच्या दरबारात खजिन्याच्या किल्ल्या सांभाळायचे म्हणे. प्रभाकररावांच्या हाती आली ती एकच किल्ली, रंगांच्या कपाटाची, आणि तीही वर्षातून चारदा हरवायची. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या खात्यात पाइपांचे नकाशे काढले. घरी आले की पट्टी खाली आणि ब्रश हातात. आणि काढायचे काय? वांगी. कांदे. पितळी डबा, त्याखाली भैरवगडच्या छापाचं फडकं. चहाची किटली. जाणती माणसं याला 'स्टिल लाइफ' म्हणतात. त्यांच्या पत्नी विनोदिनीताई याला 'माझ्या स्वयंपाकघराचा सत्यानाश' म्हणतात.

त्यांचंही खरंच आहे. उत्तरेच्या खिडकीखाली शिवणयंत्राचं जुनं टेबल, त्यावर एकदा वस्तू मांडल्या की घरात संचारबंदी. कढई बसली असेल तर आठ दिवस घरात तळण नाही. एकदा ऐन दिवाळीत चकलीचा सोऱ्या बसला होता, तर कॉलनीत चकल्यांऐवजी नुसता चिवडा वाटला गेला. "आमच्याकडे भाजी आधी बसते, मग शिजते," असं विनोदिनीताई पाहुण्यांना हसून सांगायच्या. त्यांचं हसणं पाहुणे गेल्यावर किती टिकायचं, ते भिंतीपलीकडच्यांना चांगलं माहीत आहे.

आता या गावात चित्रं काढणारे थोडे नाहीत. पण ते सगळे शहाणे. महाकालाचं शिखर काढतात, रामघाटावरची संध्याकाळची आरती काढतात, जटावाले साधू काढतात. सिंहस्थ जवळ आला की साधूंचा भाव आणखी वाढतो. आणि प्रभाकरराव? संभागाच्या, म्हणजे सरकारी विभागाच्या, वार्षिक प्रदर्शनात त्यांनी अकरा वेळा चित्र पाठवलं आणि अकरा वेळा ते जसंच्या तसं परत आलं. शेवटच्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष समोरच बोलले, "पोतनीस साब, हाथ अच्छा है आपका. मगर इसमें देखने का क्या है? बैंगन तो आदमी घर पे भी देख लेता है."

"वही तो," प्रभाकरराव म्हणाले, "नहीं देखता."

अध्यक्षजींनी पुढचं चित्र मागवलं.

पण एवढ्याने हरतील तर ते पोतनीस कसले. इंदूर असो की भोपाळ, कुठे प्रदर्शन लागलं की हे सकाळची बस पकडून हजर. चित्रं बघून झाली की कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे आणि चित्रं बघणाऱ्या माणसांना बघायचे, हातातल्या घड्याळावर नजर ठेवून. देवाच्या चित्रापुढे माणूस अर्धा मिनिट थांबतो, त्यातला बराच वेळ हात जोडण्यात जातो. डोंगर-नदीपुढे दहा सेकंद. सुंदर बाईच्या चित्रापुढे बायको बरोबर आहे की नाही यावर अवलंबून. आणि भांड्याकुंड्यांपुढे? दोन सेकंद. "किटली आहे," असं म्हणून माणूस पुढे जातो. जसं काही चित्रकाराने कोडं घातलं होतं आणि त्याने ते सोडवलं. प्रभाकररावांची आयुष्याकडे मागणी काही फार नव्हती. त्यांच्या एका भांड्यापुढे कुणीतरी एकदा नीट थांबावं, ते काय आहे हे ओळखून झाल्यावरसुद्धा थांबावं, बस इतकंच.

प्रदर्शन होत नाही तर चित्रांचं करायचं काय? तर त्यांनी ती आहेरात द्यायला सुरुवात केली. लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, पोतनीस खाकी कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन दारात उभे. लोक आशेने कागद सोडायचे आणि आत निघायचे तीन कांदे. पण शेजारधर्म असा की दिलेली वस्तू भिंतीवर लावायची. ती कुठल्या भिंतीवर, एवढा मात्र घेणाऱ्याचा अधिकार. तेव्हा एका घरी त्यांच्याकडूनच उसनी नेऊन काढलेली किटली मीटरच्या खोक्यावर गेली, कारण ते खोकं नाहीतरी झाकायचंच होतं. मुळ्याची जुडी चपलांच्या रॅकवर. एका घरी पेरूंचं चित्र न्हाणीघराच्या बोळात लागलं आणि त्याच खिळ्याला घरधन्याचा टॉवेल. प्रभाकरराव कुणाकडे हळदीकुंकवाच्या दिवशी बायकोला पोचवायला जायचे, तेव्हा बरोबर त्या खुर्चीवर बसायचे जिथून आपलं चित्र दिसेल. टॉवेलवाल्या घरी तर तीनदा हात धुवायला उठले होते. त्या बाईंनी नंतर विनोदिनीताईंना हळूच विचारलं, "यांची शुगर तपासून घेतली का?"

या सगळ्यांत त्यांचं लाडकं चित्र होतं तांब्याचं. आणि त्याची गत सगळ्यांहून न्यारी.

एकोणीस वर्षांमागे समोरच्या घराची वास्तुशांत झाली. श्रीकांत घाटपांडे बँकेत, बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. त्यांची बायको सुलू, म्हणजे सगळ्या कॉलनीच्या सुलूवहिनी, आणि श्रीकांतरावांची आई, माई. पूजा आटोपली तसे प्रभाकरराव माईंकडे जाऊन म्हणाले, "माई, हा कलश जसाच्या तसा द्या ना मला चार दिवस. आंब्याची पानं, नारळ, सगळ्यासकट." माईंनी दिला. चारचे पंधरा दिवस झाले, नारळ सुकला, पानं वाळली, पण चित्र असं उतरलं की ते संपल्यावर प्रभाकरराव स्वतःच अर्धा तास त्यापुढे बसून राहिले. मग तांब्या परत केला आणि चित्र आहेर म्हणून दिलं.

नवं घर बघायला आलेले पाहुणे बैठकीत भरलेले. कागद सुटला, श्रीकांतरावांनी चित्र उंच धरून दाखवलं, आणि माई ताडकन उठल्या. कुंकवाचा करंडा आणला, बोट बुडवलं आणि तांब्याच्या बरोबर पोटावर, जिथे प्रभाकररावांनी सगळ्यांत जास्त जीव ओतला होता नेमका तिथेच, रुपयाएवढा लाल टिळा दाबून लावला. "कलश आहे तो," त्या म्हणाल्या, "बैठकीत कसला लावता? देव्हाऱ्यात ठेवा." रंगाचा वासही अजून गेला नव्हता. प्रभाकररावांनी रुमाल काढला आणि तसाच खिशात परत ठेवला. पाहुण्यांनी मात्र माईंच्या भक्तीचं कौतुक केलं.

माई पुढे पाच वर्षांनी गेल्या. सुलूवहिनींनी त्यांचा नेम मोडला नाही. रोज त्याच जागी कुंकू, वर झेंडूचा हार, चतुर्थीला दूधसाखरेचा नैवेद्य. एकोणीस वर्षांत तांब्याच्या पोटावर लाल थर चढत चढत छोट्या लिंबाएवढा झाला. प्रभाकरराव दर गणपतीत दर्शनाला जायचे आणि विनोदिनीताई सोडून सगळ्यांना वाटायचं, माणूस किती श्रद्धाळू.

तर असं सगळं चाललेलं असताना मागच्या हिवाळ्यात मृणाल नावाची मुलगी कॉलनीत भाड्याने घर शोधायला आली. फ्रीगंजात एक छोटं नवं कलादालन उघडलं होतं, त्याची व्यवस्था तिच्याकडे. सकाळभर तिने सहा घरं पाहिली. घर एकही पसंत पडलं नाही, पण सातव्या दारात, म्हणजे सुलूवहिनींकडे, ती देव्हाऱ्यापुढे उभीच राहिली.

"काकू, हे कुणाचं आहे?"

"कलश आहे बाई. हात जोड."

"नाही, काढलंय कुणी? मीटरवर किटली आहे ती, चपलांवर मुळे आहेत ते, सगळं एकाच हाताचं आहे. लोक म्युझियमला एक चित्र गेलं तरी पेढे वाटतात. इथे एका गल्लीत एकाच माणसाचं पूर्ण कलेक्शन टांगलंय आणि कुणाला खबर नाही?"

सुलूवहिनींना 'कलेक्शन' म्हणजे वर्गणी वाटली आणि त्या पर्स शोधायला आत जाणार, तेवढ्यात मृणालने पत्ता विचारून रस्ता ओलांडला.

प्रभाकररावांना तिने सरळ सांगितलं. "काका, तीन दिवस दालन तुमचं. शुक्रवार, शनिवार, रविवार. पण संस्थेचा नियम आहे, एका चित्रकाराचं प्रदर्शन तर तीस चित्रं हवीत. एकोणतीसला परवानगी नाही मिळत. आणि तो तांब्या मला दारासमोरच्या भिंतीवर हवा."

घरात चित्रं होती नऊ. बाकी एकवीस कॉलनीतून गोळा करायची. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दिलेला आहेर परत मागायला निघाला! विनोदिनीताईंनी डोक्याला हात लावला. "लोक काय म्हणतील?"

लोक फारसं काही म्हणाले नाहीत. उलट काहींना तर सुटल्यासारखं झालं. "घेऊन जा ना काका, सावकाश आणा. नाही आणलं तरी चालेल." न्हाणीघरवाल्यांनी टॉवेल काढून फ्रेम हाती दिली आणि वर विचारलं, "खिळा राहू देऊ ना?" बुधवारी दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीत एकोणतीस फ्रेमा उभ्या राहिल्या. धुरकटलेल्या, डाग पडलेल्या. एकीमागे तर पालीने संसार मांडलेला.

तिसावा तांब्या. तिथे मात्र गाडं अडलं.

"भावजी, तुम्हाला नाही म्हणायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं," सुलूवहिनी म्हणाल्या, "पण देव्हाऱ्यातला देव प्रदर्शनात? आणि ते कुंकू तुम्ही पुसणार. माईंनी आपल्या हाताने लावलंय ते."

"वहिनी, तो देव नाही हो. चित्र आहे. मी काढलंय, मला माहीत आहे."

"मूर्तीसुद्धा कुणीतरी घडवतंच की. म्हणून काय तिला कुणी पाटावरून उचलून बाजारात नेतं?"

प्रभाकररावांनी श्रीकांतरावांकडे पाहिलं. श्रीकांतराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, दे ना. तीन दिवसांचाच तर सवाल आहे."

"तुम्ही बोलूच नका. चतुर्थीची दूधसाखर कोण खातं, ते माहीत आहे मला."

श्रीकांतराव पुन्हा पेपरात गेले. तेव्हा विनोदिनीताई, ज्यांनी चाळीस वर्षं या चित्रांना नावं ठेवली होती, त्या पदर खोचून पुढे झाल्या. "सुलू, गणपती बसवतेस ना? मग उठवतेसही. उत्तरपूजा कर आणि दे. त्यात कुंकू पुसल्याचं पाप नाही."

एवढ्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

श्रीपाद गुरुजींना फोन गेला. गुरुजी रामघाटावर यात्रेकरूंची कामं करतात, त्यांना दुपारपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. गुरुवारी पहाटे साडेपाचला स्कूटरवरून आले आणि यजमानांनी कशाची उत्तरपूजा सांगितली आहे ते पाहून चक्रावले.

"याची प्राणप्रतिष्ठा कुणी केली होती?"

"केली नव्हती," सुलूवहिनी म्हणाल्या, "पण एकोणीस वर्षं नैवेद्य घेतोय."

गुरुजींनी डोकं खाजवलं. शास्त्रात फोटोबद्दल काहीबाही सापडतं, पण तैलरंगातल्या भांड्याबद्दल कुठे काही लिहिलेलं त्यांना आठवेना. "बरं, भाव तिथे देव म्हणून करून टाकू," म्हणाले आणि बसले. गंध, फूल, अक्षता, दहीपोहे. फ्रेमला हात लावून ती उत्तरेकडे बोटभर सरकवली. आणि अक्षता हातात घेऊन आता शेवटचं 'पुनरागमनाय च' म्हणणार, तोच दारातून प्रभाकरराव ओरडले, "ते नका म्हणू!"

सगळे दचकले.

"का हो?" गुरुजी.

"त्याचा अर्थ, पुन्हा या. म्हणजे रविवारी पुन्हा हा देव होणार आणि पुन्हा कुंकू. नको. जायचं तर कायमचं जाऊ दे."

"अहो, देवाला कुणी कायमचं जा म्हणतं का?" सुलूवहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घर ओसाड होईल माझं."

दहा मिनिटं वाद झाला. घाटावर गुरुजींची पाटण्याची एक पार्टी खोळंबलेली, तिचा तिसरा फोन येऊन गेला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "हे बघा, देवाने पुन्हा यावं, पण खऱ्या कलशात यावं. चित्रात नको. तसा संकल्प सोडतो. वहिनी, एक नवा तांब्या आणा, त्यात त्याला बसवू. आणि काका, तुमचं चित्र हे आता निव्वळ चित्र. झालं समाधान?" अक्षता पडल्या, मंत्र पुरा झाला, गुरुजींनी दक्षिणाही उभ्या उभ्याच घेतली.

गुरुवारची सबंध दुपार प्रभाकरराव मलमलचं फडकं आणि कापसाचे बोळे घेऊन त्या लाल थराशी झुंजत होते. विनोदिनीताईंनी वाटीत कोमट पाणी आणून दिलं आणि शेजारी बसल्या. चार वाजता शेवटचा लाल कण निघाला. खालचा रंग जसाच्या तसा. इतक्या वर्षांचं कुंकू वर बसून होतं, त्याने ना धूर लागू दिला होता ना ऊन.

"चांगलं आहे हो," विनोदिनीताई म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन झालं. सगळी कॉलनी नटूनथटून फ्रीगंजात. समोसे झाले, भाषण झालं. आपापलं चित्र दिव्याखाली पाहून लोक चाट पडले. न्हाणीघरवाले तर बायकोला विचारत होते, "हे आपल्याकडे होतं?" पण तांब्यापुढे यायचे आणि हात जोडायचे. कॉलनीतल्या माणसांना सवयच होती आणि बाहेरच्यांनी कलश पाहिला, मग तेही जोडायचे. एका आजोबांनी चपला काढल्या. कुणीतरी खाली झेंडूचं फूल ठेवलं, मग त्या फुलाला पाहून दुसऱ्याने दोन रुपयांचं नाणं. मृणाल दर पंधरा मिनिटांनी येऊन ते सगळं उचलत होती. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या प्रभाकररावांचा चेहरा उतरत गेला. देव गेला, कुंकू गेलं, आणि तरी तांब्या कुणी बघितलाच नाही. अर्धा मिनिट थांबत होते सगळे, डोळे मिटून!

शनिवारी अकरा वाजता दालन रिकामं होतं. सुलूवहिनी एकट्या आल्या. आदल्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या, देव्हाऱ्यातली रिकामी जागा पाहून त्यांचा मूड गेला होता. मृणालने तांब्यापुढे खुर्ची ठेवली. वहिनी बसल्या, सवयीने हात वर उचलले आणि मध्येच थांबवले. "अरे हो, आता इथे देव नाही." हात मांडीवर ठेवले. आता त्या हातांना काही काम नव्हतं, ओठांवर मंत्र नव्हता, बदलायला हार नव्हता. करण्यासारखं काहीच न उरल्याने सुलूवहिनी तांब्या बघू लागल्या.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाकावर प्रभाकररावांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

"भावजी," वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "हा पोचलेला आहे."

"हो."

"इथे पोटावर. मोठा पोचा आहे. उजेड येतो आणि तिथे मोडून पडतो."

"तेच तर काढायला आठ दिवस लागले."

"हा पोचा मी पाडलाय."

प्रभाकरराव बाकावरून उठून जवळ आले.

"लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी," वहिनी सांगू लागल्या. "तेव्हा बँकेच्या कामामुळे हे तराण्याला होते, भाड्याच्या घरात. मी सार्वजनिक नळावर पाणी भरायला गेले आणि हातातून सुटला, थेट दगडावर. माईंच्या आईचा तांब्या. मला वाटलं, आता आपली रवानगी माहेरी. माई काही बोलल्या नाहीत. हातात घेऊन बघितला, आणि फळीवर ठेवताना पोचलेली बाजू भिंतीकडे केली. झालं. त्यानंतर जितकी वर्षं तो घरात होता, भिंतीकडेच. पाहुणे आले, नणंदा आल्या, जिच्या-तिच्या तोंडी सुनेच्या चुका, पण हा पोचा कुणाला दिसला नाही. पूजेत कलश मांडायच्या तर आपल्या हाताने, पोचा मागे करून. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही."

"आणि मी," प्रभाकरराव हळूच म्हणाले, "उजेड चांगला पडतो म्हणून तीच बाजू पुढे केली."

वहिनींनी पुन्हा चित्राकडे बघितलं. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई! म्हणून त्या उठल्या!" त्या खुर्चीतून अर्ध्या उभ्या राहिल्या. "भावजी, सगळ्या नणंदा बसल्या होत्या बैठकीत. यांनी चित्र वर धरलं, आणि माई कुंकू घेऊन धावल्या. कुठे लावलं? बरोब्बर पोच्यावर! आणि मी वेडी, त्यांची भक्ती समजून चौदा वर्षं रोज त्याच्यावर आणखी कुंकू थापतेय. जाताना माईंनी काय काम लावून दिलं बघा मला! माझाच पोचा, मीच झाकतेय!"

आणि सुलूवहिनी हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. मृणालने पाण्याची बाटली आणली, ती त्यांनी प्रभाकररावांच्या हातात दिली, कारण त्यांचीही अवस्था काही बरी नव्हती.

"तो तांब्या आहे का अजून?" मृणालने विचारलं.

"माई गेल्यावर मोडीत दिला ग. पोचलेला म्हणून." वहिनींनी डोळे पुसले. "आता आहे तो एवढाच."

सुलूवहिनींच्या पोटात गोष्ट राहते हे आजवर कुणी ऐकलेलं नाही. दुपारी दोनपर्यंत कॉलनीला कळलं, चारपर्यंत फ्रीगंजला. रविवारी दालनात पाय ठेवायला जागा नाही. वहिनी तांब्याशेजारी उभ्या, हात जोडणाऱ्याला दरडावत, "जोडू नका हो, बघा! पोचा दिसला का? नाही दिसला? मग परत बघा!" आणि एकदा लोकांना हा नाद लागला म्हणताच ते दुसऱ्या चित्रांकडे वळले. किटलीवाल्यांना किटलीची दोऱ्याने बांधलेली कडी दिसली. "अरे, हा दोरा तर आपल्या पप्पांनी बांधलेला!" कांद्यांपुढे तिघं भांडत होते की कोंब फुटलाय की फुटायचाय. नाकं चित्रांना टेकायला लागली तेव्हा मृणालने खडूने जमिनीवर रेघ मारली. विनोदिनीताई सोऱ्याच्या चित्रापुढे उभं राहून बायकांना त्या दिवाळीचं रामायण ऐकवत होत्या, पण अशा तोऱ्यात की जणू चकल्या त्यांनीच कलेसाठी ओवाळून टाकल्या होत्या.

पाच वाजता अध्यक्षजी आले. गर्दी बघून आधी वाटलं असेल की चुकीच्या दारात शिरलो. तांब्यापुढे त्यांना रांगेत उभं राहावं लागलं आणि सुलूवहिनींनी त्यांनाही सोडलं नाही. "पोचा दिसला?" अध्यक्षजींना मराठी थोडकी, पण बोट कुठे रोखलंय ते कळलं. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग प्रभाकररावांपाशी येऊन म्हणाले, "पोतनीस साब, यह हमारे स्थायी संग्रह में आना चाहिए."

अकरा वर्षं ज्या वाक्यासाठी माणूस झुरला, ते असं समोर येऊन उभं राहिलं. प्रभाकररावांनी चष्मा पुसला. "मेरा नहीं है साब. मालकिन से पूछिए."

"बिलकुल नाही," मालकीण म्हणाल्या.

"तो फिर वह केतली?"

किटलीवाले पुढे सरसावले. "नहीं सर. पिताजी की निशानी है." परवापर्यंत मीटर झाकत होती. मुळे, पेरू, कांदे, अध्यक्षजी एकेका चित्राकडे बोट दाखवत गेले आणि दर वेळी कुणी ना कुणी छाती काढून आडवा आला. न्हाणीघरवाल्यांनी तर पेरूंच्या फ्रेमला हातच घातला, जसा काही संग्रह आत्ताच हिसकावून नेणार होता. सोऱ्या मागितला तेव्हा विनोदिनीताईंनी मान हलवली. खुद्द चित्रकाराच्या घरात असलेलंही चित्र मिळेना!

"अगले साल प्रदर्शनी में भेजिएगा तो सही," अध्यक्षजी अखेर म्हणाले.

"देखेंगे," प्रभाकरराव म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, अगदी अध्यक्ष बांधतात तसे. पाहणाऱ्यांनी पाहिलं.

सोमवारी सकाळी सुलूवहिनींच्या देव्हाऱ्यात नवा कोरा तांब्या बसला, गुरुजींच्या संकल्पाप्रमाणे. चित्र मात्र बैठकीत लागायचं ठरलं. हातोडी घेऊन वहिनी स्टुलावर, आणि खाली प्रभाकरराव, मान तिरकी करून.

"अजून दोन बोटं खाली, वहिनी. बसल्यावर डोळ्यांसमोर आलं पाहिजे. इथे नको, इथे खिडकीची चमक येते. समोरच्या भिंतीवर."

"समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे भावजी."

"मग तो काढा."

वहिनींनी हातोडी थांबवून खाली बघितलं. सदुसष्ट वर्षांत या माणसाने कुणाला चहात साखर कमी आहे असंसुद्धा सांगितलं नव्हतं.

"अहो, ऐकलं का?" वहिनींनी आत हाक मारली. "टीव्ही उतरवा."

श्रीकांतराव आले, बघितलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि वायर काढली. त्रेचाळीस इंचांचा टीव्ही दोन्ही हातांत कवटाळून बैठकीच्या मधोमध उभे राहिले. मोकळ्या भिंतीवर वहिनी खिळा ठोकायला लागल्या.

"आता हा कुठे ठेवू?" श्रीकांतरावांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

प्रभाकररावांची नजर भिंतीवरून हलली नाही. त्यांनी नुसता हात हलवला. "ठेव कुठेही. न्हाणीघराच्या बोळात बघ जागा असेल तर."